पिवळी गाडी, तिसरं वळण

२ फेब्रुवारी, सोमवार

वृषालीचं खोकं आलं. कुरिअरवाला दारातून "नागोराव सर!" म्हणून ओरडत होता आणि मी आतून "आलो, आलो" म्हणत होतो. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. शेवटी भागीरथा मागच्या अंगणातली भांडी टाकून धावली. तो तिला म्हणाला, "अंदर आदमी है, बोलता कायकू नै?" आदिलाबादेत नवा असावा. जुन्यांना माहीत आहे, या घरातला माणूस गप्प बसत नाही.

खोक्यात गाडी आहे, पण सुटी. पिशव्याच पिशव्या. काळ्या कार्बनच्या पट्ट्या, मुगाएवढी बेअरिंगं, दातेरी पट्टे, स्क्रू. रिमोटवर पळवायची शर्यतीची मोटार. लांबीला हातभर. पोरगी पुण्याला मोटारींच्या कारखान्यात डिझाइन करते आणि सुटीच्या दिवशी असल्या गाड्या पळवते. फोनवर म्हणाली, "मला वेळ नाही बाबा. तुम्ही बांधा. मार्चमध्ये नागपूरला शर्यत आहे, पळवायचीही तुम्हीच. आणि ऑपरेशनची तारीख घ्या."

एका दमात! हे तंत्र माझ्याकडूनच उचललंय. हलकं सांगत सांगत जड टाकून द्यायचं, समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही.

मी म्हणालो, चौदा एप्रिलनंतर बघू. तिने फोन ठेवला.

४ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो, म्हणजे सारखं मनात म्हणावं लागणार नाही.

स्वरयंत्राला कॅन्सर आहे. जानेवारीत नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं — स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मानेला भोक राहील, श्वास तिथून. बोलणं संपलं. पण गाठ अजून आतल्या आत आहे. काढली तर माणूस वाचतो. उशीर करू नका. तोवर जोर लावून बोलू नका, सूज आहे, श्वास अडेल.

मी विचारलं, उशीर म्हणजे नेमका किती? ते म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक आहात. घराला आग लागल्यावर उशीर म्हणजे किती?"

मला वाटलं, उपमा चांगली आहे, सभेत वापरता येईल. एवढंच वाटलं. बाजूला भागीरथा पदराने डोळे पुसत होती आणि मी उपमा लक्षात ठेवत होतो. तेव्हापासून तसंच आहे. दुखत नाही, भीती नाही, राग नाही. जेवतो, पेपर वाचतो. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना — आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा — तसा सगळाच मी.

८ फेब्रुवारी, रविवार

आजपासून गाडी. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. भागीरथाने विचारलं, "जेवाचं कुठी मंग?" मी जमिनीकडे बोट केलं. "बरं हाये. पन्नास-साठ वर्साच्या मानसाले खेळनं, अन बायको जमिनीवर."

सोबतच्या पुस्तिकेत शब्द जवळजवळ नाहीतच. चित्रं, बाण, आकडे. हा स्क्रू इथे, बाणाच्या दिशेने. मी आयुष्यभर वाचत आलो — कपाटं भरली, माळा भरला, भागीरथाच्या लुगड्यांची पेटी भरली — पण इतकं कमी बोलून इतकं सांगणारं पुस्तक हातात आलं नव्हतं. सुरुवातीला चीड आली. का ते सांगा ना! अमुक जागी पातळ चकती का घालायची? नाही सांगत. घातली नाही तर तुमचं तुम्हाला कळेल.

घातली नाही. कळलं. सगळं उघडून पुन्हा.

११ फेब्रुवारी

डिफमधून तेल गळतंय. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरावं म्हणून मागच्या आसाच्या मधोमध ही डबी असते. आत दात, दातांत घट्ट तेल. चार स्क्रू फार आवळले तर झाकण वाकतं. आवळायची सवय वाईट.

१५ फेब्रुवारी, रविवार

मारोतराव आले होते भीमपूरहून. जयंती समितीचे अध्यक्ष, माझ्याहून वडील, तरी मला सरच म्हणतात. चौदा एप्रिलचा बेत सांगत बसले: मिरवणूक, निळे झेंडे, आसपासच्या गावांचे ट्रॅक्टर. आणि मग माझं भाषण.

मी हळू बोलत होतो. ते पुढे वाकून कानामागे हात धरत होते, आणि मी बघतोय हे लक्षात आलं की हात खाली घेत होते. म्हणाले, त्याची काय काळजी सर, माईक हाये नं. तुमी नुसतं फुसफुसलं तरी गाव ऐकन. थोड्या वेळाने दुसरं सुचलं. मोबाइलात आताच भरून द्या, आमी भोंग्यावर लावू, तुमी खुर्चीवर बसा हार घालून.

हार घालून! मी ताडकन उठलो. भाषण म्हणजे टेप नाही, म्हणालो. समोरच्याचे डोळे बघून पुढचं वाक्य ठरतं. इचोड्याच्या चौकात आमचा लाउडस्पीकर बंद पाडला होता, तेव्हा उभ्या ट्रकच्या टपावर चढून बोललो होतो. धाब्यावरचे ड्रायव्हर ताटं सोडून उभे राहिले होते. ते काय भरून ठेवलेलं होतं? — एवढं सगळं म्हणायचं होतं. "टेप नाही"पाशी आवाज फाटला, पुढे नुसती हवा. खोकला. मारोतरावांनी पाणी आणलं. टेबलावरचे स्क्रू बघत बसले बिचारे. "हे काय, घड्याळ खोललं का सर?"

ते गेल्यावर भागीरथा म्हणाली, "तीस वर्सं लोकायले सांगत आले, ऐका, ऐका. आता डाक्टर सांगून राह्यला त तुमीच ऐकून नाही राह्यले."

१८ फेब्रुवारी

शॉक-अब्सॉर्बर भरले. चार बारीक नळकांडी, प्रत्येकात तेल. तेल ओतल्यावर दांडा हळूहळू वर-खाली करायचा, मग उभं ठेवून द्यायचं, बुडबुडे वर येईस्तोवर. घाई केली तर हवा आत राहते आणि गाडी उसळते.

दुपारभर त्यांच्याकडे बघत बसलो. बुडबुडा येतो, काठाशी थांबतो, फुटतो. बरं वाटलं असं म्हणवत नाही. वाईट वाटलं नाही.

२० फेब्रुवारी

भागीरथाची मावसबहीण येऊन गेली. एका दर्ग्याचं नाव सांगितलं, तिथला धागा गळ्यात बांधला की गाठ विरघळते. असल्या धाग्यांवर मी गावोगाव दीड-दीड तास बोललो आहे. लोकांनी तिथल्या तिथे तोडून टाकले आहेत. आज मान हलवली. तिला वाटलं, हो म्हणालो. धागा घेऊन आलीच तर काय? बघू.

हे मी लिहिलं? मी?

२४ फेब्रुवारी

गाडीत मोटर, बॅटरी, सगळं बसलं. रिमोट चालू केला — पुढची चाकं पूर्ण उजवीकडे वळून अडकली. डावीकडे येईनात. पुस्तिका उलटसुलट वाचली. अखेर वृषालीला व्हिडिओवर दाखवलं.

ती हसायला लागली. "बाबा! आधी चालू करून वळवणारी मोटर मधोमध आणायची, मग दांडी जोडायची. तुम्ही बंद असतानाच जोडलीत! तुमची गाडी फक्त उजवीकडे जाणार. तुमची!"

भागीरथालाही समजलं आणि तीही हसली. पोटभर हसली पोरगी, जानेवारीनंतर पहिल्यांदा. मीही हसलो असेन, आवाज नसल्यामुळे कळलं नाही. मग तिचं हसणं ओसरलं. म्हणाली, तारीख?

मी स्क्रीनवर बोट दाखवलं, आवाज येत नाही असं. लबाडी. स्वतःचा आजारच लबाडीला वापरला.

१ मार्च, रविवार

गाडी पळवली.

घरासमोर खड्डे, म्हणून जिनिंग मिलच्या आवारात गेलो. सिमेंटचं मोठं अंगण आहे, कापसाचे ढीग लागतात तिथे. हंगाम सरत आला, बरंचसं रिकामं होतं. याच मिलच्या फाटकावर हमालांच्या संपात मी बोललो होतो. आता मालक गेले, मुलगा बघतो. त्यानेच फाटक उघडलं. "सर, माझ्या बापाला तुम्ही काय काय बोलला होतात! मी वर खिडकीत होतो, नववीत. पाठ झालं होतं मला." आणि दोन वाक्यं म्हणूनही दाखवली, हात वर करून, अगदी माझ्यासारखी. चांगली वाक्यं होती. कोणा दुसऱ्याची ऐकावीत तशी ऐकली.

गाडी जमिनीवर ठेवली, बोट दाबलं, आणि ती गेलीच! केवढा वेग! आपल्यापासून लांब जाते तोवर ठीक. परत आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं ते उजवं होतं. भिंतीवर नेली, पोत्यावर नेली. मग ती एका बाजूला ओढायला लागली, मंदावली, मोटरीचा वास आला. उलटी करून बघतो तो पोटात सगळा कापूस! आवारभर उडणारे तंतू पट्ट्यांत, बेअरिंगांत, आसांवर पिळून बसलेले. असल्या ठिकाणी ही गाडी पळवायचं आमच्याखेरीज कोणाला सुचणार?

३ मार्च

अंगणात बसून कापूस काढला. भागीरथा सुई घेऊन शेजारी. तिच्या आईबरोबर लहानपणी दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. म्हणाली, "जल्मभर पिच्छा नाही सोडला यानं. आता खेळन्यातबी घुसला."

७ मार्च

कापूस निघाला, तरी गाडी डावीकडे ओढते. वृषालीने तपासणी सांगितली: पोटाखाली मधोमध चाकूचं पातं धरून नाक उचलायचं, पुढची दोन्ही चाकं एकदमच सुटली पाहिजेत. माझं उजवं आधी सुटतं. म्हणजे सांगाडाच पिळलेला. एका बाजूचे स्क्रू आधी आवळले की होतं असं. सगळे ढिले करा, सपाट जागेवर दाबून धरा, मग आलटून पालटून आवळा.

घरात सपाट जागा कुठली? फरशी उंचसखल. टेबल डुगडुगतं. भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर ठेवला, त्यावर केलं काम. भागीरथा वेणी घालायला आली, बघितलं, आणि मुकाट खाली बसून आरशात वाकली. दोघं एका आरशात. मी गाडी दाबून धरलेली, ती भांग पाडतेय.

आता चाकं बरोबर सुटतात.

१० मार्च

जेवताना श्वास अडकला. भाकरीचा तुकडा नाही, काही नाही, नुसताच अडकला. डोळ्यांपुढे काळं. भागीरथा पाठ चोळत होती, माझं नाव घेत होती — लग्नानंतर पहिल्यांदा, मला वाटतं. मग सुटला.

तिने सांडलेलं वरण पुसलं, ताट उचललं. मोरीपाशी जाऊन, पाठमोरीच म्हणाली, "लोकायले बोलनारा मानूस पाह्यजे. मले बसलेलाबी चालते."

 

१२ मार्च

डॉक्टरांकडून फोन. तारीख द्यायची का विचारत होते. सांगितलं, एप्रिलच्या शेवटी.

१४ मार्च, शनिवार

सगळ्यांना वाटतं मी भाषणासाठी अडून बसलोय. वृषाली तर म्हणाली, "टाळ्यांसाठी बाबा? टाळ्यांसाठी मरणार?" तिला दुखवायचं होतं, समजतं.

तर आज कागदावर मांडून बघितलं. माझे आजोबा भीमपूरच्या शिवेबाहेर राहिले. शेतमालकाशी बोलताना तोंडापुढे हात धरायचे, आपला श्वास समोरच्यावर जाऊ नये म्हणून. म्हातारपणी बाजेवर पडलेले असायचे, मी शाळेतून आलो की माझ्याशीही तसंच बोलायचे, हात तोंडापुढे धरून. नातवाशी! मोडलीच नाही सवय. बाप थोडं बोलला, पण खाली बघून. मी वर बघून बोललो. एका घरात तीन पिढ्या लागल्या हा आवाज यायला. तो माझा एकट्याचा आहे का, की मी सही करून काढून द्यावा? आणि कशाच्या बदल्यात? आणखी काही वर्षं मुक्याने श्वास घ्यायच्या?

वाचून बघितलं. मुद्देसूद आहे. शेवट चढता आहे. इथे लोक उठून उभे राहिले असते. मी खुर्चीतच बसून होतो, आणि मला वाचूनही काही झालं नाही. वाक्यं अशीच तयार होऊन येतात, कोणाच्याही बाजूने. उद्या ऑपरेशन करावं या बाजूने लिहीन, तेही असंच चढतं होईल.

१७ मार्च

गाडीचं वरचं कवच रंगवलं. पारदर्शक प्लास्टिकचं असतं, रंग आतून मारायचा. मला निळा हवा होता, अर्थातच! वृषाली म्हणाली, निळ्या बऱ्याच असतात तिथे. गाडी उलटली की तिथे उभा असलेला मार्शल ती सरळ करतो. पण त्याचं लक्ष नसलं तर चालकाने, तो उंच मचाणावर उभा असतो, तिथून ओरडायचं: रंग आणि वळण. "निळी, दुसरं वळण!" चार निळ्या असल्या तर तो कोणती उचलणार?

मग पिवळी. ओरडणार कोण, हे तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

२२ मार्च, रविवार. नागपूर

शहराबाहेर एका लग्नाच्या लॉनचं पार्किंग. डांबरावर पाण्याचे पाइप टाकून आखलेला रस्ता. वृषाली पुण्याहून रात्रभर प्रवास करून आली होती, थेट गाडीला बिलगली. मला नंतर. चाक फिरवून बघितलं, पात्यावर नाक उचललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरोबर बांधलीय."

शर्यतीचं सगळं बघणारे एक दाताचे डॉक्टर, संतोष नाव. पोट सुटलेला, हसरा माणूस. नियम सांगितला: ज्याने शर्यत केली त्याने पुढच्या शर्यतीत वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचंच. हरलेला असो, जिंकलेला असो, सर असोत. "इथे फुकट पळवता येत नाही काका, दुसऱ्याच्या उचलाव्या लागतात." मला हा नियम फार आवडला. कुठल्यातरी पक्षाच्या घटनेत असायला हवा.

मचाण लोखंडी, आमच्याकडे ज्वारी राखायला माळा बांधतात तेवढं उंच. चढलो. आयुष्यभर मंचांवर चढलो, पण समोरचा एकही माणूस माझ्याकडे बघत नाहीये, असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांची नजर खाली, गाड्यांवर. शेजारी चालक ओळीने, कोणी कोणाशी बोलत नाही.

सुटली. मी शेवटचा. तरी चालली! माझ्याकडे येतानाचं डावं-उजवं हातांना समजायला लागलं होतं. आणि तिसऱ्या वळणावर पाइपाला घासली, उडाली, पाठीवर पडली. चाकं आकाशात, गरगर. तिथला मार्शल पलीकडे दोन गाड्यांची गुंतागुंत सोडवत होता, पाठ माझ्याकडे.

मी ओरडलो. ओरडलो म्हणजे तोंड उघडलं, पोटातून जोर लावला. हवा बाहेर पडली. पुन्हा. काहीच नाही. बाकीच्या गाड्या माझ्या गाडीला वळसा घालून जात होत्या. ह्या तोंडाने मी जिनिंग मिल थांबवली होती! इथे एक खेळणं उलटं पडलंय आणि मला एक शब्द —

"ओ दादा! अवो! पिवळी पडली नं आमची! तिसरं वळन! तिकडं काय पाहून राह्यले, मांगं पाहा नं बाप्पा!"

भागीरथा. दोरीला लागून उभी, पदर खोचलेला, हात हवेत. जी माझ्या प्रत्येक सभेत शेवटच्या रांगेत बायकांमध्ये बसली आणि कधी घोषणासुद्धा दिली नाही, ती. अख्खं पार्किंग वळलं. मार्शल दचकून पळत आला, गाडी सरळ केली. मचाणावर लोक हसत होते, संतोष खालून ओरडले, "काकू, पुढच्या वेळी माईक तुमच्याकडे!" ती म्हणाली, "माईक कायले पाह्यजे?"

शेवटचाच आलो. वृषालीने पाण्याची बाटली दिली. तिचे डोळे ओले होते, हसून की कशाने.

मग मार्शल म्हणून उभा राहिलो, त्याच तिसऱ्या वळणावर. ऊन चांगलंच तापलेलं. एक निळी उलटली, पळालो, सरळ केली, मागे झालो. एक लाल आली. पुन्हा. कोणी आभार मानत नाही, कोणी बघतही नाही. तुम्ही सरळ करता आणि ती निघून जाते. शर्यत संपेपर्यंत मी नागोराव सर नव्हतो. वळणावरचा माणूस होतो. शर्ट घामाने भिजला. आणि ध्यानात आलं की मला ऊन लागतंय, पाय दुखतायत, तहान लागलीय. सगळं लागतंय.

२३ मार्च

काल बसमध्ये. पैनगंगेचा पूल आला, की आपलं राज्य आलं म्हणून भागीरथा नेहमी पिशवी सावरायला लागते. तेव्हा तिला म्हणालो, वृषालीला सांग. लवकरातली लवकर तारीख घे.

तिने पिशवीतून शेंगा काढल्या, सोलून माझ्या हातावर ठेवायला लागली. एक मला, एक तिला. आदिलाबाद येईपर्यंत.

आज सकाळी उठल्यापासून भीती वाटतेय. चक्क भीती! मानेतल्या भोकाची, भुलीची, उठलोच नाही तर याची. किती दिवसांनी.

२४ मार्च

मारोतरावांना बोलावून सांगितलं, यंदा मी नाही. ते काही वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मग वहिनीले बोलू द्या. भीमपूरले कळलं आमाले. नागपुरात गाजून आल्या म्हने." भागीरथाने आतून उत्तर दिलं, "मी बोलीन त पयले तुमच्या समितीवरच बोलीन." मारोतराव हसले, आणि हसता हसता माझा हात धरून रडले. मीही.

तीस तारखेला भरती व्हायचं.

२८ मार्च, शनिवार

शेवटचं वाक्य कोणतं म्हणावं? भूल देण्याआधी डॉक्टर विचारतीलच काहीतरी, आणि मी जे म्हणेन ते शेवटचं. सकाळपासून तेवढाच विचार. काहीतरी धारदार, छोटं. पाच-सहा केली, खोडली. सगळी पुतळ्याखाली कोरायची वाटतात. वृषालीला फोनवर ऐकवली. म्हणाली, "बाबा, ते विचारतील उपाशीपोटी आहात ना. हो म्हणा."

खूप हसलो. छातीत दुखेस्तोवर.

जगावंसं वाटतंय. हे वाक्य साधं आहे, त्याचं काही करता येत नाही.

३१ मार्च, मंगळवार. नागपूर

ऑपरेशन होणार नाही.

काल भरती करताना पुन्हा स्कॅन केला. गाठ स्वरयंत्राच्या बाहेर गेली आहे, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसली आहे. फुप्फुसात ठिपके आहेत. जानेवारीत नव्हते. आता स्वरयंत्र काढून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. औषधं देऊ, मिळतील तेवढे दिवस. आवाज राहू द्या. जपायचीही गरज नाही आता.

बाहेर बाकावर भागीरथा बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. मला बघून उठली. "काय म्हनले?"

होता तेवढा सगळा आवाज लावून, बाकावरचे लोक वळून बघतील इतक्या जोरात, मी सांगितलं —

"बोला म्हणाले."